काठ येईपर्यंत

किटलीचं झाकण निसटलं आणि व्हरांड्याच्या फळ्यांवरून खणखणत कठड्यापर्यंत गेलं. सगळ्यांनी एकदम ताईकडे पाहिलं. तिने जीभ चावली, झाकण उचलून फडक्याने पुसलं आणि हात जोडून मुकाट्याने माफी मागितली. तिच्या नवऱ्याने डोळे वटारले, अर्थात गमतीने. कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या इंजिनकाकांना काही ऐकूच गेलं नव्हतं. सगळे बघताहेत म्हणून त्यांनीही बघितलं. अण्णांनी मात्र मान वळवली नाही. ते कठड्यालगतच्या आपल्या खुर्चीत, दोन्ही हातांत कप धरून, तलावाकडे तोंड करून बसले होते. तलाव कुठेच नव्हता. कठड्याच्या पलीकडे नुसतं पांढरं धुकं होतं, आणि अंगणातल्या झाडाच्या खोडापुढे काही आहे यावर विश्वास बसू नये इतकं ते दाट होतं.

या घरात सकाळी धुकं असलं की कुणी तोंड उघडायचं नाही. पलीकडचा काठ दिसू लागला की अण्णा म्हणणार, "काठ आला," आणि मग ज्याला जे बोलायचं असेल ते त्याने खुशाल बोलावं. ते दोन शब्द उच्चारायचा मान एकट्या अण्णांचा. काठ दुसऱ्या कुणाला आधी दिसला तरी त्याने गप्प बसून राहायचं.

नियम अण्णांच्या नोकरीतून घरात आला होता. उभी हयात त्यांनी या तलावावर लाँच चालवली; इकडची माणसं, सायकली, टपालाच्या पिशव्या आणि एखाददुसरी शेळी तिकडच्या काठावर नेली आणि तिकडची इकडे आणली. धुक्यात डोळे कामाचे नसतात, लाँच कानांनी न्यावी लागते, असं ते सांगत. काठ जवळ आला की पाण्याचा आवाज बदलतो, पण तो ऐकू यायला लाँचवर शांतता हवी. म्हणून धुकं असलं की ते इंजिन अगदी मंद करायला लावत आणि उतारूंना दरडावून गप्प बसवत. एकदा एक बडे वकील बोलायचे थांबेनात, तेव्हा अण्णांनी लाँच तलावाच्या मध्यावर उभी केली होती. वकीलसाहेबांचं तोंड मिटलं तेव्हाच ती पुढे सरकली. काठ दिसला की ते "काठ आला" म्हणून ओरडत, आणि मग लाँचवर कोंडून राहिलेली बडबड अशी काही फुटे की विचारता सोय नाही. आई म्हणायची, तुमची हुकूमशाही लाँचवर चालवा, घरात तरी आम्हाला बोलू द्या. पण मुलांनाच त्या खेळाची गोडी लागली, आणि पुढे पुढे आईसुद्धा सकाळी खुणा करून साखर मागू लागली.

घरही लाँचमधूनच आलं होतं. एक जुनी लाँच मोडीत निघाली तेव्हा अण्णांनी आणि तिचं इंजिन सांभाळणाऱ्या इंजिनकाकांनी, कैक रविवार खपून, तिच्या फळ्यांतून हे सुट्टीचं घर उभं केलं. शहरातल्या दोन खोल्यांतून सुटून मुलं इथे येत. मग मुलांचे मित्र येऊ लागले, मैत्रिणी येऊ लागल्या, यथावकाश जावई आला, सून आली. प्रत्येक नव्या पाहुण्याला आदल्या रात्री नियम समजावून सांगावा लागे आणि प्रत्येक नवा पाहुणा तो पहिल्याच सकाळी मोडून मोकळा होई. ताईचा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा दात घासून झाल्यावर खड्या आवाजात गाणं म्हणत व्हरांड्यात आला होता. त्या गाण्यावरून त्याला अजूनही दर सुट्टीत छळतात. एक लांबची मावशी दुसऱ्याच दिवशी, "मला नाही बाई हे जमायचं," म्हणून गेली ती परत फिरकली नाही. पण जे टिकले ते वर्षानुवर्षं येत राहिले. नोकरी संपल्यावर अण्णा आणि आई कायमचे इथेच राहायला आले.

ताई दातांची डॉक्टर. लोकांची तोंडं उघडी ठेवायची आणि त्यांना बोलू द्यायचं नाही हाच तिचा धंदा, असं तिचा नवरा चारचौघांत सांगत असे. गप्प बसणं तिला कधी जड गेलं नव्हतं. आज तर हे धुकं असंच राहावं, दिवसभर राहावं, असं तिला मनापासून वाटत होतं. कारण तिचा धाकटा भाऊ व्हरांड्याच्या पायरीवर पायांत बूट घालून बसला होता. त्याची बॅग केव्हाच गाडीत गेली होती. काठ आला की तो निघणार होता.

दोन वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत, धाकट्याने अण्णांना सांगितलं होतं की इथे एकटं राहणं आता पुरे, घर विकून टाका आणि आमच्याकडे चला. तो एका मोठ्या दुकानात गाद्या विकतो. उभ्या गिऱ्हाइकाला बोलता बोलता आडवं करण्यात त्याचा हातखंडा आहे. पण अण्णा काही बधले नाहीत. शब्दाने शब्द वाढत गेला. शेवटी धाकटा आवाज चढवून म्हणाला, उद्या इथे पाय घसरून पडलात तर कुत्रंसुद्धा विचारायला येणार नाही. अण्णा म्हणाले, कुत्रं येईल, तू येऊ नकोस. तो तसाच उठून गेला आणि त्यानंतर दोघांनी एकमेकांचं नाव काढलं नाही. ताईने फोनवर फोन केले, रडून झालं, रागावून झालं, एकदा तर ती त्याच्या दुकानात जाऊन सगळ्यात महाग गादीवर ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे तो या सुट्टीत यायला राजी झाला. "नुसता समोर उभा राहा, विरघळतील ते," असं तिने त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं.

आणि काल संध्याकाळी तो खरंच समोर उभा राहिला. बायकोला रजा मिळाली नव्हती, म्हणून सहा वर्षांच्या चिमणीला तेवढं घेऊन आला होता. फाटकापाशी गाडी लावून तो उतरला आणि पुढे यायचं धाडस न होऊन तिथेच थांबला. अण्णा व्हरांड्यात बसले होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी फाटकाकडे तोंड वळवलं होतं आणि मावळतीचं ऊन त्यांच्या चेहऱ्यावर पडलं होतं. धाकट्याने हात वर केला. तो हात किती तरी वेळ तसाच वर होता. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती; हातातला कांदा चिरायचा राहून गेला होता. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि मग त्यांनी सावकाश तोंड फिरवून तलावाकडे केलं.

धाकट्याचा हात खाली आला. त्याने चिमणीला घराकडे पिटाळलं आणि स्वतः मागच्या बाजूने बोटीच्या खोलीत जाऊन पडला. चिमणी धावत आजोबांकडे गेली. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोक्यावर हात ठेवून तिची उंची अजमावली, आणि केवढी मोठी झालीस म्हणून तिला पोटाशी घेतलं. नातीशी एवढी माया आणि तिच्या बापाकडे साधं बघणंही नाही, हे ताईला फार लागलं. धाकटा जेवायलाही आला नाही. ती ताट घेऊन गेली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बघितलंस ना?" तो म्हणाला. "आता मला काही सांगू नकोस, ताई. सकाळी काठ आला की मी निघतो."

एवढ्या रागातसुद्धा त्याने निघायची वेळ घरच्या नियमाला धरूनच ठरवली होती. हे तिच्या नंतर लक्षात आलं आणि हसावं की रडावं ते तिला कळेना. ती तिथून तडक अण्णांकडे गेली.

"सकाळी काठ आला की तो निघतोय. तो फाटकात उभा होता, अण्णा. तुम्हाला हात करत होता."

अण्णा काही क्षण खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवत राहिले.

"हात कशाला करायचा?" ते म्हणाले. "आवाज द्यायचा."

"आवाज चढवला म्हणून तर दोन वर्षं फुकट गेली ना?"

अण्णा उठले आणि भिंतीला हात लावत लावत आपल्या खोलीत गेले. हट्टीपणालाही काही सुमार असतो, असं ताईला वाटलं. तिला त्यांचा इतका राग आला की त्या रागात झोपही नीट लागली नाही. यंदा अण्णांचं सगळंच काहीतरी बिनसलं होतं. बोटीतून चक्कर मारायची नाही, इंजिन बिघडलंय, असं त्यांनी ताई आल्या आल्या जाहीर केलं होतं. आणि ज्यांनी आयुष्यात एक इंजिन बिघडलेलं राहू दिलं नाही ते इंजिनकाका आपल्या पायांच्या बोटांकडे बघत, हो हो, बिघडलंय खरं, असं म्हणाले होते.

सकाळी उठून बघते तो हे धुकं. सुट्टी सुरू झाल्यापासूनचं पहिलंच. एरवी चहा संपेपर्यंत धुकं विरायला लागतं, पण आज दुसरी किटली झाली, अंडी उकडून झाली, पाव भाजून झाला, तरी ते जागचं हललं नाही. व्हरांड्यात मूक नाश्ता सुरू होता. ताईच्या नवऱ्याला अंड्यावर मीठ हवं होतं म्हणून त्याने चिमूट हवेत झटकून दाखवली, तर इंजिनकाकांनी त्याच्यापुढे काड्यापेटी सरकवली. चिमणीच्या पोटात हसू मावेना. तिने दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरले आणि ती लालबुंद होईपर्यंत हसली. नियम मोडणार तो हीच मोडणार, असं ताईने गृहीत धरलं होतं, पण पोरगी आजोबांच्या वरताण निघाली. तिच्या बापाने मात्र कशाकडेच पाहिलं नाही. ताईने पुढे केलेला कप त्याने घेतला, तो पायरीवर ठेवला आणि चहा तिथेच गार झाला.

हळूहळू सगळ्यांच्या खुणाही थांबल्या. मग एकेक आवाज येऊ लागला. पन्हळीतून एकेक थेंब दगडावर पडत होता. अंगणाच्या टोकाला, बांधून ठेवलेल्या बोटीला पाणी हलकेच थोपटत होतं. कुठेतरी, किती दूर ते कळू नये असा, एक पक्षी पाण्यावरून पंख फडफडवत उडाला आणि त्याचा आवाज एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला गेला. समोर एवढं मोठं पाणी पसरलेलं आहे, ते दिसत नाही, आणि तरी ते आहे, श्वास घेतं आहे. ताईच्या अंगावर काटा आला. लहानपणी ती अशाच सकाळी आईच्या कुशीत शिरून बसायची आणि तिला वाटायचं, आज तलाव परत आलाच नाही तर? आज तिला तेच हवं होतं. आज तलाव न येवो, काठ न येवो, पायरीवरचा माणूस न उठो. इंजिनकाकांना तर पोटभर खाल्ल्यावर बाकावरच डुलकी लागली होती.

पण धुकं काही कुणाची भीड ठेवत नाही. आधी ते पाण्यापासून जरा वर उचललं गेलं आणि त्याच्याखाली तलावाची एक काळीशार पट्टी दिसली. मग वरून ऊन झिरपायला लागलं. पांढऱ्याचं पिवळं झालं, पिवळ्यात भोकं पडली, एका भोकातून टेकडीचा माथा दिसला, नुसता माथा, खाली काही आधार नसलेला. आणि मग, किती सावकाश म्हणावं आणि किती एकाएकी म्हणावं, सगळा तलाव उघडा झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सुरकुती नसलेलं पाणी. पलीकडे टेकड्या, टेकड्यांखाली झाडांची रांग, जुना धक्का, घरांची लाल छपरं, एका घरापुढे वाळत घातलेले कपडेसुद्धा. आणि ते सगळं पुन्हा एकदा, उलटं, पाण्यात. ताईने हे दृश्य जन्मभर पाहिलं होतं आणि तरी तिचा हात आपोआप छातीशी गेला. आपण एवढ्याशा आहोत आणि हे आपल्याला बघायला मिळतंय, असं तिला वाटलं. नवऱ्याचा अर्धा खाल्लेला पाव हातातच राहिला होता. पायरीवरून धाकटाही बघत होता, आणि बघता बघता त्याने नकळत डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग तिला भान आलं. आता. आता अण्णा म्हणणार.

तिने डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली. शब्द आले नाहीत. डोळे उघडून तिने पाहिलं तर अण्णा तसेच बसले होते, काठाकडे तोंड करून, शांत. काठ आला होता. इतका स्पष्ट आला होता की हात लांबवला तर लागेल. धाकट्याने टोपी पुन्हा चढवली आणि उठायला कठडा धरला. त्यानेही मान वळवून अण्णांकडे पाहिलं. अण्णा बोलेनात.

आणि ताईच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. ते मुद्दाम बोलत नव्हते. काठ आला म्हटलं की पोरगा जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते म्हणत नव्हते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, भर उन्हात, हा हट्टी म्हातारा स्वतःचाच नियम वाकवून पोराला थांबवत होता. जन्मात कधी कुणाला "थांब" म्हणाला नाही, आजही म्हणत नव्हता, पण थांबवत होता. तिला इतका आनंद झाला की उठून त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तिने भावाकडे पाहून डोळ्यांनीच सांगायचा प्रयत्न केला, बघ, बघ ना. धाकटा कठडा धरून अर्धवट उठलेला तसाच होता. त्यालाही काहीतरी उमगत असावं, पण ते मान्य करावं की नाही हे ठरत नसावं.

ही कोंडी चिमणीने फोडली, आणि तीसुद्धा तोंडातून शब्द न काढता. आजोबांना काठ दिसला नाही याचं तिला नवल वाटलं असणार. ती उठली, आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालत त्यांच्या खुर्चीपुढे गेली आणि कठडा आणि खुर्ची यांच्यामध्ये, थेट त्यांच्या समोर, उभी राहिली. तिने एक हात लांब करून पलीकडचा काठ दाखवला. मग दोन्ही हात लांब केले. मग चवड्यांवर उंच होत ते हात त्यांच्या तोंडापुढे जोरजोरात हलवले.

अण्णांची पापणीसुद्धा लवली नाही. त्यांची नजर चिमणीच्या कपाळावरून, केसांवरून, तिच्या हलणाऱ्या हातांमधून आरपार जात होती आणि पुढे कुठेही पोचत नव्हती. त्यांनी कप तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झालेला होता. कप खाली घेऊन त्यांनी मान किंचित तिरकी केली आणि कान पाण्याकडे केला.

 भिंतीला लावलेला हात ताईला आठवला, आणि ओंजळीत धरलेला पोरीचा चेहरा, आणि बिघडलेलं इंजिन. आवाज द्यायचा, असं ते म्हणाले होते. तिने जन्मभर लोकांच्या तोंडात बघितलं आणि स्वतःच्या बापाच्या डोळ्यांत बघायचं मात्र राहूनच गेलं. डोळ्यांचं कळलं असतं तर त्यांना इथे कुणी एक दिवस राहू दिलं नसतं. तिनेही राहू दिलं नसतं. हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून न दिसणाऱ्या तलावाकडे तोंड करून, त्याच्याच आवाजावर विसंबून, हा माणूस इथे बसून राहिला होता. तिला त्यांची कीव येईना. समोरचा तलाव बघून वाटलं होतं तसंच काहीतरी तिला त्यांच्याकडे बघून वाटलं.

तिने पायरीकडे पाहिलं. धाकटा सरळ उभा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. काल संध्याकाळी आपण कुठे उभे होतो आणि हात किती वेळ वर धरून होतो, तेच तो आठवत असणार. काल तर फाटक बरंच लांब होतं. चिमणी आत्ता हातभर अंतरावर होती. त्याने पोरीला खुणेने बाजूला बोलावलं. मग तो पायऱ्या चढून वर आला. फळ्यांवर बुटांचे आवाज झाले, आणि त्या आवाजाबरोबर अण्णांच्या खांद्यांत काहीतरी ताठ झालं. धाकटा खुर्चीशेजारी आला आणि काही न सुचून खालीच, फळ्यांवर, मांडी घालून बसला.

त्याच वेळी इंजिनकाका जागे झाले. त्यांनी समोर पाहिलं, लख्ख काठ दिसताच ते दचकले आणि घाईघाईने अण्णांकडे जायला उठले. खुर्चीशेजारी कोण बसलंय ते दिसल्यावर ते तसेच थबकले, आणि हळूच परत बाकावर टेकले. म्हणजे त्यांना माहीत होतं. धुकं असलं की मित्राचा काठ तेच आणत होते.

अण्णा घसा साफ करत थोडे कलले. बाजूला बसलेल्या माणसाकडे नव्हे, तलावाकडेच तोंड ठेवून, त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"काठ आला का?"

हा प्रश्न त्यांच्या तोंडून या घरात कुणी कधी ऐकला नव्हता.  धाकट्याने तोंड उघडलं आणि मिटलं. सबंध दिवस बोलून पोट भरणारा हा माणूस, पण त्याला शब्द सापडत नव्हता. त्याने तलावाकडे पाहिलं. पलीकडे दोरीवरचे कपडे वाऱ्याने हलायला लागले होते आणि धक्क्यावर कुणीतरी बाई बादली घेऊन उतरत होती. त्याने अण्णांच्या हातांकडे पाहिलं.

"अजून नाही, अण्णा."

 ऊन अण्णांच्या चेहऱ्यावर होतं, हातांवर होतं, हातातल्या रिकाम्या कपात होतं. आयुष्य तलावावर काढलेल्या माणसाला अंगावर पडणाऱ्या उन्हाचा अर्थ कुणी सांगायला नको.  त्यांनी कप मांडीवर ठेवला आणि हात बाजूला नेला. तो आधी हवेतच फिरला, मग धाकट्याच्या खांद्यावर पडला, तिथून मानेवर, कानावर, आणि डोक्यावर जाऊन थांबला. टोपी घरंगळून खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

"दाट आहे?" अण्णांनी विचारलं.

"खूप." धाकट्याचा आवाज फाटला. "काहीच दिसत नाही."

अण्णांनी मान हलवली. लाँचवर उतारूंना सांगत तशाच आवाजात, पण जरा हळू, ते म्हणाले, "मग एवढ्यात कुणी निघायचं नाही."

त्यांचा हात धाकट्याच्या डोक्यावरच राहिला. ताईने उन्हाने बारीक झालेले डोळे पुसले आणि तिसरी किटली ठेवायला उठावं म्हणून हात टेकला, पण उठली नाही. कुणीच उठलं नाही आणि कुणी काही बोललंही नाही. समोर सगळा तलाव लखलखत होता, आणि व्हरांड्यात सगळेजण धुकं विरायची वाट बघत बसून राहिले.